फ्राइजवर श्रद्धा असलेला माणूस

बटाट्याच्या तळलेल्या लांब कापांवर काय घालावे, याविषयी जगात एकमत नाही आणि ते होण्याची शक्यताही नाही. बेल्जियम आणि हॉलंडमध्ये लोक त्यांवर मेयोनेजचा गोळा घालतात. इंग्रज माणूस माल्टचे व्हिनेगर शिंपडतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात गरम ग्रेव्ही आणि ताज्या चीजच्या गुठळ्या घालून त्याचे पूटीन करतात. अमेरिकन माणसाला केचप तरी हवे, नाही तर वितळलेले चीज. आपल्याकडची तरुण मंडळी पिरीपिरी मसाल्याची पुडी कागदी पिशवीत रिकामी करतात आणि पिशवी खळाखळा हलवतात. बर्गरच्या बाबतीतही हेच. कांदा हवा की नको, काकडीचे लोणचे ठेवावे की काढून टाकावे, मोहरीची चटणी किती, यावर घराघरांत मतभेद असतात.

ज्या माणसामुळे बर्गर आणि फ्राइज ही जोडगोळी जगाच्या कानाकोपऱ्यात पोचली, त्याला मात्र हे मतभेद परवडणारे नव्हते. त्याच्या दुकानातल्या बर्गरवर काय घालायचे, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे नव्हते. ते आधीच ठरलेले होते. केचप, मोहरी, कांदा आणि लोणच्याच्या दोन चकत्या. फ्राइजवर फक्त मीठ. त्या माणसाचे नाव रे क्रॉक. मॅक्डोनाल्ड हे नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे, परंतु ते त्याचे नाव नव्हते. त्याची कीर्ती आणि त्याच्यावरचा आक्षेप, दोन्हींचे मूळ इथेच आहे.

रे क्रॉकचा जन्म ५ ऑक्टोबर १९०२ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क या गावी, चेक वंशाच्या कुटुंबात झाला. वडील तार कंपनीत नोकरीला होते, आई पियानो शिकवत असे. मुलाच्या बोटांतही पियानो उतरला आणि पुढे पोटाच्या कामीही आला. पहिल्या महायुद्धात अवघ्या पंधराव्या वर्षी वय खोटे सांगून तो रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकेवर चालक म्हणून भरती झाला. त्याच तुकडीत वॉल्ट डिस्ने नावाचा दुसरा एक पोरगा होता. क्रॉकला युरोपात पाठवण्याआधीच युद्ध संपले आणि तो घरी परतला.

१९२२ साली त्याने लग्न केले आणि कागदी पेले विकण्याची नोकरी धरली. दिवसा पेले विकायचे, संध्याकाळी रेडिओ केंद्रावर पियानो वाजवायचा. विसाच्या दशकात फ्लोरिडात जमिनींच्या व्यवहारांना ऊत आला होता. क्रॉकही नशीब काढायला तिकडे गेला. तो फुगा फुटल्यावर रात्रीच्या क्लबात पियानो वाजवून त्याला परतीची सोय करावी लागली. पुढे त्याच्या वडिलांनीही जमिनींत पैसा घातला, १९२९ च्या मंदीत तो बुडाला आणि १९३० साली ते वारले. जमिनीने या घराला दोनदा असा हात दाखवला. पुढची हकीकत वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कागदी पेल्यांच्या धंद्यात त्याची सोळा-सतरा वर्षे गेली. मग एकाच वेळी पाच मिल्कशेक घुसळणारे मल्टिमिक्सर नावाचे यंत्र त्याला दिसले. चांगली नोकरी सोडून, घर गहाण टाकून त्याने त्या यंत्राच्या विक्रीचे हक्क घेतले. पुढची पंधरा वर्षे तो नमुन्याचे यंत्र बॅगेत घालून गावोगाव हिंडला. अशा फिरत्या विक्रेत्याला एक शिक्षण आपोआप मिळते. तो हजारो उपाहारगृहांत मागच्या दाराने शिरतो. कुठे स्वच्छता आहे, कुठे मालक गल्ल्यावर पेंगतो आहे, कुठे माल वाया जातो आहे, हे त्याला गिऱ्हाइकापेक्षा अधिक दिसते. तीस वर्षे क्रॉक अमेरिकेची स्वयंपाकघरे पाहत होता. फक्त त्या पाहण्याचे काय करायचे, हे त्याला अजून कळले नव्हते.

१९५४ साली ते कळले. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो या गावी एकाच दुकानात आठ मल्टिमिक्सर आहेत, हे त्याला कळले. म्हणजे एका वेळी चाळीस मिल्कशेक! हा काय प्रकार आहे म्हणून तो प्रत्यक्ष पाहायला गेला. दुकान होते रिचर्ड आणि मॉरिस मॅक्डोनाल्ड या भावांचे.

या दोघा भावांचे श्रेय त्यांना आधी दिले पाहिजे, कारण पुढे ते त्यांना फारसे मिळाले नाही. १९४८ साली त्यांनी आपले चांगले चाललेले दुकान मुद्दाम बंद केले. गाडीपाशी खाद्यपदार्थ आणून देणाऱ्या पोरींना रजा दिली. चिनी मातीच्या बश्या, काटे, चमचे काढून टाकले. पंचवीस पदार्थांची यादी नऊवर आणली आणि स्वयंपाकघराचा कारखाना केला. एकाने टिक्की भाजायची, दुसऱ्याने पाव सजवायचा, तिसऱ्याने फक्त फ्राइज तळायच्या. नव्या दुकानासाठी तर त्यांनी घरच्या टेनिस कोर्टावर खडूने स्वयंपाकघराचा पूर्ण आकाराचा नकाशा काढला, त्यात पोरांना कामाच्या हालचाली करायला लावल्या आणि कुठे एक पाऊल वाचते ते पाहिले. बर्गर पंधरा सेंटला, फ्राइज दहा सेंटला. सगळ्यांचा बर्गर एकसारखा. कोणी वेगळे काही मागितले तर त्याला थांबावे लागे. दुकानाबाहेरच्या सोनेरी कमानी ही रिचर्डचीच कल्पना.

क्रॉकने दुकानाबाहेरची रांग पाहिली आणि फ्राइज चाखल्या. पुढे १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने बर्गरपेक्षा या फ्राइजविषयी अधिक भक्तिभावाने लिहिले आहे. इतर हॉटेलवाल्यांच्या लेखी फ्राइज म्हणजे ताटातली डावी बाजू. भाऊ मात्र उत्तम प्रतीचे आयडाहोचे बटाटे घेत, ते सोलण्यात, धुण्यात, तळण्यात एखाद्या पूजाविधीसारखी शिस्त पाळत. ही शिस्त गावोगावी नेता येईल असे क्रॉकला वाटले. भावांनी त्याआधी काही जणांना परवाने दिलेच होते, पण त्यात त्यांचे मन नव्हते. मिळत होते त्यात ते सुखी होते. क्रॉक सुखी नव्हता. त्याला मधुमेह होता, संधिवाताची सुरुवात होती, पित्ताशय आणि थायरॉइडचा बराच भाग काढून टाकलेला होता, आणि वयाचे बावन्नावे वर्ष चालू होते.

मी बँकेच्या कर्जविभागात बरीच वर्षे काढली. या वयाचा, या प्रकृतीचा, फिरता विक्रेता असलेला अर्जदार समोर आला असता, तर आमच्यापैकी बहुतेकांनी त्याला चहा पाजून परत पाठवले असते. तारण काय, तर विकून झालेल्या यंत्रांच्या पावत्या आणि एका दुकानातल्या फ्राइजवर बसलेली श्रद्धा. ताळेबंदात अशा श्रद्धेला रकाना नसतो.

करार असा झाला. दुकान काढणाऱ्याने एकदाच ९५० डॉलर द्यायचे आणि पुढे विक्रीच्या १.९ टक्के. त्यातला अर्धा टक्का भावांचा, उरलेला १.४ टक्के क्रॉकचा. स्वतःचे पहिले दुकान त्याने १५ एप्रिल १९५५ रोजी शिकागोजवळ डेस प्लेन्स येथे उघडले. आणि तिथे त्याच्या श्रद्धेचीच परीक्षा झाली. सगळे काही भावांच्या दुकानासारखे केले होते. बटाटा तोच, काप तेच, तेवढाच वेळ तळण. तरीही फ्राइज मऊ आणि बेचव लागत होत्या!

कारण सापडायला बरीच विचारपूस करावी लागली. कॅलिफोर्नियात भाऊ बटाटे बाहेर, जाळीच्या खणांत ठेवत. वाळवंटाचा कोरडा वारा त्यांतून खेळे, बटाट्यातले पाणी आटे आणि साखरेचा अंश कमी होऊन पिष्टाचा वाढे. भावांना स्वतःलाही हे ठाऊक नव्हते. तो त्यांच्या हवेचा गुण होता. ज्या बटाट्यात साखर अधिक, तो तळताना बाहेरून चटकन लाल होतो आणि आतून लिबलिबीत राहतो. गृहिणींना याचा अनुभव शीतगृहातल्या बटाट्यांवरून असेल. क्रॉकने मग तळघरात बटाट्यांच्या राशींवर विजेचे पंखे लावले आणि बटाटे मुरवून मग वापरले. फ्राइज दोनदा तळायची पद्धतही बसवली. पुढे त्याच्या माणसांनी आणखी खोलात जाऊन शोधले की थंड काप टाकताच तेलाचे तपमान उतरते आणि ते सर्वांत खालच्या बिंदूपासून तीन अंश वर चढले की फ्राइज तयार झालेल्या असतात. मग घड्याळाकडे पाहण्याची गरज उरली नाही. तळणाऱ्या आचाऱ्याच्या हाताचा गुण यंत्रात उतरवण्याचा हा प्रकार होता.

ही चिकाटी सर्वत्र होती. फरशी पुसण्याचे फडके पिळायच्या बादलीची भोके क्रॉक दात घासायच्या ब्रशने साफ करत असे. फ्रेड टर्नर नावाचा तरुण १९५६ साली तव्यावर काम करायला आला. त्याने पुढे सगळ्या कामांची पोथीच लिहून काढली. एका पौंड मांसाच्या दहा टिक्क्या, फ्राइजची जाडी इंचाच्या पावभागापेक्षा किंचित जास्त, असे सगळे त्यात होते. १९६१ साली दुकानदारांना आणि व्यवस्थापकांना शिकवण्यासाठी एका दुकानाच्या तळघरात रीतसर विद्यापीठ सुरू झाले. लोक हसले, पण विद्यापीठ टिकले.

एवढे असूनही पैसा मिळत नव्हता. १.४ टक्क्यांत कचेरीचा खर्चही निघेना. क्रॉक मल्टिमिक्सरच्या उत्पन्नावर जगत होता. सचिव जून मार्टिनो आणि हिशेबाची बाजू सांभाळणारा हॅरी सोनेबॉर्न यांना पुरेसा पगार देता येत नाही म्हणून त्याने त्यांना कंपनीत भाग दिले. कंपनी वाचवली ती सोनेबॉर्नने. त्याने सुचवले की आपण पदार्थांवर नव्हे, जागेवर पैसा मिळवू. १९५६ साली जागांसाठी वेगळी कंपनी निघाली. ती जागा दीर्घ मुदतीने भाड्याने घेई आणि दुकानदाराला चढ्या भाड्याने देई. भाडे ठरलेले किंवा विक्रीच्या टक्केवारीने, यांपैकी जे जास्त होईल ते. ज्या जमिनीने बापलेकांना बुडवले, तिनेच क्रॉकला तारले. आणखी एक गोष्ट साधली. जो दुकानदार शिस्त पाळणार नाही, त्याची जागा काढून घेता येऊ लागली. फ्राइज सगळीकडे सारख्या लागतात, यामागे पंखे आणि तापमापक होते तसाच भाडेकरारही होता.

आता त्या प्रकरणाकडे येतो, ज्यात क्रॉकची बाजू घेणे अवघड जाते. करारानुसार दुकानाच्या रचनेत कोणताही बदल करायला भावांची लेखी संमती लागे. ती वेळेवर येत नसे. क्रॉकची चिडचिड वाढत गेली. शेवटी १९६१ साली त्याने नाव, पद्धत, सगळे विकत मागितले. भावांनी किंमत सांगितली २७ लाख डॉलर, रोख. कर चुकवून प्रत्येकाला दहा लाख उरावेत, एवढाच त्यांचा हिशेब. क्रॉककडे एवढे पैसे नव्हतेच. महाविद्यालयांच्या निधींसारख्या संस्थांकडून ते उभे केले, तेही व्याजाखेरीज विक्रीत वाटा देण्याच्या अटीवर. सगळे फिटेपर्यंत तो व्यवहार त्याला सुमारे एक कोटी चाळीस लाख डॉलरला पडला. याच सुमारास पहिले लग्न मोडले आणि पोटगीसाठी मल्टिमिक्सरची कंपनीही विकावी लागली.

भावांनी सॅन बर्नार्डिनोचे आपले मूळ दुकान या सौद्यातून बाहेर ठेवले होते. क्रॉकला ते फार लागले. नाव विकले गेल्यामुळे भावांना स्वतःच्याच दुकानावरचे स्वतःचे आडनाव उतरवावे लागले. दुकान ‘बिग एम’ झाले. क्रॉकने रस्त्यापलीकडे नवे मॅक्डोनाल्ड उघडले आणि काही वर्षांत भावांचे दुकान बंद पडले. व्यवहार कायदेशीर होता. किंमत भावांनीच ठरवली होती. तरीही पेढीच्या वहीत जे बरोबर असते, ते सगळेच माणसामाणसांत बरोबर असते असे नाही. क्रॉक पुढे स्वतःला संस्थापक म्हणवत राहिला आणि कंपनी आपला जन्म १९५५ पासून मोजू लागली. मॉरिस १९७१ साली वारला. रिचर्ड १९९८ पर्यंत जगला आणि आपली बाजू सांगत राहिला.

सत्य बहुधा असे आहे की पद्धत भावांची होती आणि पसारा क्रॉकचा. भावांनी उत्तम फ्राइज केल्या, पण त्या उत्तम का होतात हे त्यांना ठाऊक नव्हते. ते शोधणे क्रॉकला भाग पडले, कारण त्याच्याकडे तो वारा नव्हता. एखादी गोष्ट एका जागी करणे आणि तीच हजार जागी करणे, ही दोन वेगळी कर्तृत्वे आहेत. दुसऱ्याने पहिल्याचे नाव घेतले तर त्याचा मोठेपणा कमी होत नाही. क्रॉकला मात्र तसे वाटले.

त्याच्या स्वतःच्या पाककल्पना बहुतेक फसल्या, ही गमतीची गोष्ट आहे. सिनसिनाटीच्या एका कॅथलिक वस्तीत शुक्रवारी बर्गर खपेना, कारण त्या दिवशी मांस वर्ज्य. तिथल्या लू ग्रोन या दुकानदाराने माशाचे सँडविच काढले. क्रॉकने त्याच्याविरुद्ध उभा केला तो पावात अननसाची चकती आणि चीज घातलेला ‘हुला बर्गर’. १९६२ साली दोन्ही एकाच शुक्रवारी विकायला ठेवले. मासा साडेतीनशे गेला, अननस मोजून सहा. हरल्यावर त्याने मासा मुकाट्याने स्वीकारला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. बिग मॅकही जिम डेलिगाटी या पेन्सिल्व्हेनियातल्या दुकानदाराने १९६७ साली काढलेला. नव्या चवी नेहमी खालून, दुकानदारांकडून आल्या. एकसारखेपणाच्या या साम्राज्याला वेगळेपणाचा पुरवठा तिथूनच झाला.

१९६५ साली कंपनीचे भाग बाजारात आले. साडेबावीस डॉलरचा भाग पहिल्याच दिवशी तीसवर गेला आणि त्रेसष्टाव्या वर्षी क्रॉक कोट्यधीश झाला. दोन वर्षांनी सोनेबॉर्न मतभेदामुळे बाहेर पडला. फ्राइजही बदलल्या. तोवर देशभरातले सुमारे पावणेदोनशे पुरवठादार ताजे बटाटे देत. प्रत्येकाचा बटाटा वेगळा, प्रत्येक ऋतूत वेगळा. आयडाहोच्या जे. आर. सिम्प्लॉट या बटाटासम्राटाने गोठवलेल्या फ्राइज देऊ केल्या आणि दोघांनी केवळ हस्तांदोलनावर व्यवहार केला. पंखे, तळघर, सोलणे सगळे संपले. ज्या विधीवर क्रॉकची श्रद्धा बसली होती, तो त्यानेच मोडीत काढला. चव टिकली ती मुख्यतः तळणामुळे. ते तळण बहुतांश गाईच्या चरबीचे होते.

क्रॉकचे उतारवय श्रीमंतीत आणि वादांत गेले. १९७२ साली निक्सनच्या निवडणुकीला त्याने अडीच लाख डॉलर दिले. त्याच वेळी तरुण नोकरांना किमान वेतनापेक्षा कमी पगार देण्याची मुभा मागणारे विधेयक पुढे होते, म्हणून त्यावर टीका झाली. १९७४ साली त्याने सॅन डिएगोचा पाड्रेस हा बेसबॉल संघ घेतला आणि घरच्या पहिल्याच सामन्यात ध्वनिक्षेपक हाती घेऊन स्वतःच्या खेळाडूंना भर मैदानात झापले. फ्राइज मऊ निघाल्यावर दुकानदाराला झापावे तसे. १४ जानेवारी १९८४ रोजी सॅन डिएगो येथे एक्क्याऐंशीव्या वर्षी तो वारला. तिसरी पत्नी जोन हिने पुढे ती संपत्ती उदार हाताने वाटली. २००३ साली ती गेली, तेव्हा एकट्या साल्व्हेशन आर्मीला दीडशे कोटींहून अधिक डॉलर मिळाले.

त्याच्या फ्राइजची गोष्ट मात्र त्याच्यानंतरही चालू राहिली आणि आपल्या दारापर्यंत आली. हृदयविकाराच्या भीतीने १९९० साली अमेरिकेत चरबी जाऊन वनस्पती तेल आले. १९९६ साली कंपनी भारतात आली, आधी दिल्लीला आणि मग मुंबईत वांद्र्याला. इथे गोमांस नाही, डुकराचे मांस नाही आणि शाकाहारी स्वयंपाकघर वेगळे. एवढेच नव्हे, तर बाजूला बसणारा बटाटा टिक्की होऊन बर्गरच्या मधोमध आला. मग २००१ साली उघड झाले की अमेरिकेतल्या फ्राइजमध्ये वनस्पती तेल असले तरी बटाट्यांना गोमांसापासून केलेला स्वाद लावला जात होता. तिकडच्या शाकाहारी आणि हिंदू गिऱ्हाइकांनी दावा लावला. इकडे ठाण्यातल्या दुकानावर निदर्शक चालून गेले, मोडतोड झाली, दारातल्या विदूषकाच्या पुतळ्याला शेण फासले गेले. वास्तविक इथल्या फ्राइजमध्ये तो स्वाद नव्हता. कंपनीने माफी मागितली आणि २००२ साली अमेरिकेत एक कोटी डॉलरची तडजोड झाली.

क्रॉक तेव्हा जाऊन सतरा वर्षे झाली होती. पण हा प्रसंग त्याच्या चरित्रातलाच आहे असे मला वाटते. त्याने लोकांना एक नवी सवय लावली. परक्या गावात, परक्या माणसाच्या हातचे, काही न विचारता खायचे. काल होते तेच आज असेल, तिथे होते तेच इथे असेल, या भरवशावर. बँकेचा धंदाही अशाच भरवशावर चालतो, म्हणून त्याची किंमत मला कळते. परंतु भरवसा ठेवणाऱ्याला विचारण्याचा हक्कही लागतो. वर काय घालायचे ते तुम्ही ठरवा, हे एक वेळ चालेल. आत काय घातले आहे, हे मात्र गिऱ्हाइकाला कळलेच पाहिजे. ज्या चवीने क्रॉक मोहरला, तिच्यामागचा वारा शोधून काढायला त्याने खूप कष्ट घेतले. त्या चवीत नेमके काय आहे, हे गिऱ्हाइकालाही जाणून घ्यावेसे वाटेल, हे त्याच्या पोथीत कुठे लिहिलेले नव्हते.

आज पिरीपिरीची पुडी हलवणाऱ्या पोराला हे काही ठाऊक असण्याचे कारण नाही. क्रॉकने काढून घेतलेला निवडीचा हक्क एवढ्या एका पुडीपुरता का होईना, त्याच्या हाती परत आला आहे. फ्राइज उरतात त्या त्याच, सारख्या लांबीच्या, सारख्या रंगाच्या. त्या तशा निघाव्यात म्हणून एका म्हाताऱ्या विक्रेत्याने तळघरात बटाट्यांना पंख्याचा वारा घातला होता, आणि त्याआधी दोन भावांनी टेनिस कोर्टावर खडूच्या रेघा ओढल्या होत्या. नाव घ्यायचेच, तर तिघांचे घ्यावे.